प्लग किती थंड असावा?



वसंतातल्या व्याख्यानांना श्रोते निम्मे ज्ञानासाठी आणि निम्मे संध्याकाळच्या वाऱ्यासाठी येतात, असे थट्टेने म्हटले जाते. तेव्हा कार्यक्रमपत्रिकेवर ‘थंड प्लग’ हे शब्द वाचून उन्हाळ्यावरचा एखादा उतारा मिळेल या आशेने कोणी आले असतील, तर त्यांची आम्ही प्रथमच क्षमा मागतो. आमचा विषय आगीचा आहे. मोटारीच्या इंजिनात ठिणगी पाडणारा जो बोटभर लांबीचा प्लग, तो किती थंड असावा, एवढाच प्रश्न आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

प्रश्न लहान दिसतो; परंतु तो आता पुष्कळांच्या घरांत शिरला आहे. पूर्वी टर्बो म्हटला की ट्रक आणि डिझेलच्या गाड्या डोळ्यांसमोर येत. आता पेट्रोलवर चालणाऱ्या साध्या घरगुती मोटारींनाही टर्बो बसून येतो. अशी गाडी दारात उभी राहिली की घरातल्या तरुणाला तिची शक्ती वाढविण्याची हौस येते. तो एखाद्या गॅरेजात जातो, इंजिनावर देखरेख करणाऱ्या संगणकातली कोष्टके बदलून घेतो, आणि निघताना त्याच्या कानावर एक वाक्य पडते: “आता प्लग थंड टाक.” का टाकायचा, किती थंड टाकायचा, हे सहसा कोणी सांगत नाही. परिणामी दोन पंथ निर्माण झाले आहेत. एक पंथ थंड प्लगला ताईत समजतो. जितका थंड तितका लाभ मोठा अशी त्याची श्रद्धा. दुसरा पंथ प्लगकडे ढुंकूनही पाहत नाही. पहिल्याची गाडी चौकाचौकात आचके देते, आणि दुसऱ्याच्या इंजिनातला दट्ट्या एखाद्या दिवशी द्रुतगती मार्गावर वितळतो. या दोघांचेही नुकसान टळावे, एवढाच आमच्या बोलण्याचा हेतू.

प्रथम या प्लगची थोडी ओळख करून घेऊ. १८६० साली एतिएन लेन्वार याने आपल्या गॅसच्या इंजिनात विजेच्या ठिणगीने जाळ पेटविला. पुढे १९०२ साली रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड या अभियंत्याने उच्च दाबाच्या विजेचे मॅग्नेटो यंत्र आणि त्याला साजेसा प्लग सिद्ध केला, आणि मोटारीच्या प्रज्वलनाची पद्धत स्थिर झाली. तेव्हापासून प्लगची मूळ रचना फारशी बदललेली नाही. मधोमध एक धातूची कांडी, तिच्याभोवती पांढऱ्या चिनी मातीसारखे दिसणारे ॲल्युमिनाचे वेष्टन, बाहेर आटे पाडलेले लोखंडी कवच, आणि टोकाशी एका बारीक फटीपलीकडे वाकवलेली दुसरी पट्टी. त्या फटीत ठिणगी पडते.

ही ठिणगी किती वेळा पडते, याचा हिशोब सोपा आहे. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर चार धावांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला ३,००० वेळा, म्हणजे सेकंदाला ५० वेळा स्फोट होतो. प्रत्येक स्फोटात वायूचे तापमान २,००० अंश सेल्सिअसच्या वर जाते. त्या आगीत प्लगचे नाक सतत बुडालेले असते. मग ते वितळत का नाही? कारण मिळालेली उष्णता ते क्षणोक्षणी पुढे सारते. ती पांढऱ्या वेष्टनातून कवचात, कवचातून आट्यांत आणि बैठकीत, तेथून सिलिंडरच्या माथ्यात आणि शेवटी त्यामागच्या पाण्यात जाते. प्लग ठिणगी पाडतो हे सर्वांना ठाऊक आहे. तो उष्णतेचा हमालही आहे, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते, आणि आजचा सारा विषय त्या हमालीचा आहे.

आता ‘थंड’ आणि ‘गरम’ म्हणजे काय ते पाहू. पांढऱ्या वेष्टनाचे जे नाक आगीत उघडे असते, ते लांब ठेवले तर उष्णतेला कवचापर्यंत पोचायला लांबचा पल्ला पडतो. ती वाटेत साचते आणि टोक तापून राहते. हा गरम प्लग. नाक आखूड ठेवले तर वाट जवळची होते आणि उष्णता चटकन निघून जाते. हा थंड प्लग. दोघांची ठिणगी सारखीच असते. थंड प्लगने ठिणगी थंड होत नाही आणि इंजिनही थंड होत नाही. थंड राहते ते फक्त त्याचे नाक. नावामुळे होणारा हा घोटाळा एकदा मनातून काढून टाकला, की पुढचे सारे सोपे आहे.

या नाकाला दोन मर्यादा सांभाळाव्या लागतात. तापमान सुमारे ४५० अंशांच्या खाली राहिले, तर त्याच्यावर बसणारी काजळी जळून जात नाही. कंदिलाची वात धुरकटली की काचेवर जशी काजळी धरते, तशी ती वेष्टनावर धरते. आणि काजळी विजेची वाहक असल्यामुळे, फटीवरून उडी मारण्याऐवजी वीज त्या काळ्या वाटेने निसटून जाते. ठिणगी पडत नाही आणि गाडी ‘मिसिंग’ मारू लागते. उलट तापमान सुमारे ८५० अंशांच्या वर गेले, तर नाक निखाऱ्यासारखे लाल होते आणि ठिणगीची वाट न पाहता तेच मिश्रण पेटवून देते. दट्ट्या अजून वर चढत असतानाच वर आग लागलेली असते. याला अकाली प्रज्वलन म्हणतात. ते जोराच्या भाराखाली सुरू झाले तर काही सेकंदांत ॲल्युमिनियमच्या दट्ट्याला भोक पडू शकते. खाली काजळी आणि वर निखारा, या दोहोंमधली जी पट्टी, तीत नाक राहिले पाहिजे. प्लग निवडणे म्हणजे ही पट्टी साधणे.

काजळीची बाजू आपल्या पिढीला नव्याने समजावून द्यावी लागू नये. दोन धावांच्या स्कूटरवर ज्यांनी संसार केला, त्यांच्या पुढच्या डिकीत एक जादा प्लग आणि एक प्लगपाना हमखास असे. पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलाने प्लग काळा झाला, की स्कूटर रस्त्याकडेला लावून, प्लग काढून, पॉलिश पेपरने घासून पुन्हा बसवायचा, हा विधी अनेकांनी नोकरीवर जाताना केला आहे.

निखाऱ्याची बाजू मात्र शर्यतीच्या लोकांनी आधी ओळखली. १९३०च्या दशकात युरोपातील ग्रां प्रीच्या शर्यतींत मर्सिडीज आणि ऑटो युनियनच्या गाड्या धावत. त्यांच्या इंजिनांत यांत्रिक पंपाने जास्तीची हवा कोंबलेली असे. कडक, म्हणजे थंड, प्लग लावून ही इंजिने सुरू करू गेले तर प्लग लगेच काळे होत. आणि मऊ, म्हणजे गरम, प्लग लावून शर्यतीत सोडले तर दट्ट्ये जळत. यावर त्या मेकॅनिकांनी सरळ मार्ग काढला. मऊ प्लगांवर इंजिन तापवून घ्यायचे, मग ते सारे काढून कडक प्लग बसवायचे आणि गाडी शर्यतीच्या रांगेत न्यायची. आपल्याला ही सोय नाही. सिग्नलला उतरून प्लग बदलणारा मोटारवाला अजून जन्माला यायचा आहे. एकाच प्लगने दादरच्या गर्दीतही चालले पाहिजे आणि खंडाळ्याच्या चढावरही टिकले पाहिजे. निवडीची सारी अडचण येथे आहे.

आता टर्बोकडे वळू. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूत पुष्कळ शक्ती फुकट जाते. तिच्यावर एक चक्र फिरवावे आणि त्या चक्राने ताजी हवा दाबून इंजिनात भरावी, ही कल्पना आल्फ्रेड ब्यूशी या स्विस अभियंत्याची. त्याचे पेटंट १९०५ सालचे. हे चक्र मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकते. वातावरणाच्या दाबाइतकाच आणखी दाब दिला, तर सिलिंडरमध्ये जवळजवळ दुप्पट हवा मावते. तितके पेट्रोल अधिक जळते आणि तितकी उष्णताही अधिक निघते. शक्ती आणि उष्णता या जुळ्या बहिणी आहेत. एकीला बोलावले की दुसरी न बोलावता येते.

उष्णतेच्या या पाहुणचाराची पहिली परीक्षा अमेरिकेत १९६२ साली झाली. त्या वर्षी ओल्ड्समोबिल कंपनीने जेटफायर नावाची टर्बोची मोटार बाजारात आणली. नॉकिंग होऊ नये म्हणून तीत पाणी आणि मिथेनॉल यांच्या मिश्रणाची एक वेगळी टाकी ठेवली होती. जोर लागला की हे मिश्रण इंजिनात शिंपडले जाई. योजना चतुर होती, पण पुष्कळ मालक ती टाकी भरायला विसरत. १९६३ नंतर ही गाडी बंद झाली. पुढे १९७७ साली स्वीडनच्या साबने आपली ९९ टर्बो गाडी दाखविली आणि टर्बो घरगुती मोटारीत रुळू लागला. यंत्राची शक्ती वाढविताना तिच्या उष्णतेची व्यवस्था मालकाच्या आठवणीवर सोडू नये, हा धडा जेटफायरने दिला.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ, म्हणजे बोलणे हवेत राहणार नाही. २००१ साली स्कोडा कंपनीने तेव्हाच्या औरंगाबादजवळ, आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, शेंद्र्याला कारखाना काढला आणि ऑक्टाव्हिया मोटार आपल्याकडे परिचित झाली. पुढे तिचे आरएस नावाचे तेज भावंड आले. त्याचे इंजिन १,७८१ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे, प्रत्येक सिलिंडरला पाच झडपा असलेले, टर्बोचे आणि १५० अश्वशक्तीचे. हेच इंजिन परदेशात १८० अश्वशक्तीचे आणि ऑडी टीटी या गाडीत २२५ अश्वशक्तीचेही मिळे. म्हणजे त्याच्या अंगात आणखी ताकद दडलेली आहे हे उघड होते, आणि म्हणूनच ट्यूनिंग करणाऱ्यांचे ते लाडके झाले.

या इंजिनाला एनजीके कंपनीचा जो मूळ प्लग येई, त्याचा उष्णतेचा अंक ६. एनजीकेच्या मोजणीत अंक वाढला की प्लग थंड होतो, आणि एका पायरीने टोकाचे तापमान सुमारे ७० ते १०० अंशांनी उतरते. वर सांगितलेली सुरक्षित पट्टी सारी मिळून ४०० अंशांची. तेव्हा दोन-तीन पायऱ्यांची उडी ही किती मोठी उडी आहे, हे आपल्या ध्यानात येईल. शिवाय पायरी उतरली की भरधाव वेगातले तापमान उतरते तसे चौकात उभ्या असलेल्या गाडीतलेही उतरते. वरचे तेवढे कमी होऊन खालचे तसेच राहील, अशी सोय प्लगमध्ये नाही.

मग किती पायऱ्या? ट्यूनिंग करणाऱ्यांत एक ठोकताळा प्रचलित आहे, की मूळ शक्तीत ७५ ते १०० अश्वशक्तींची भर पडली तर एक पायरी थंड जावे. ठोकताळा हा ठोकताळाच. पण दिशा बरोबर दाखवितो. १५०चे इंजिन नुसती कोष्टके बदलून १९०च्या आसपास नेले आणि गाडी बहुतेक शहरातच फिरत असेल, तर मूळचा ६ अंकही चालून जातो. तीच गाडी वारंवार घाट चढत असेल, दूरवर जोरात पळत असेल, तर ७ अंक घ्यावा. या इंजिनासाठी बीकेआर७ई हा साधा, स्वस्त प्लग जगभरच्या हौशी मंडळींनी पसंत केला, तो याच कारणाने. टर्बोच बदलून मोठा बसविला आणि शक्ती दुपटीकडे गेली, तर ८ अंकाचा विचार येतो. त्यापुढचे प्लग शर्यतीच्या मैदानाचे. ते घेऊन मंडईत जाऊ नये.

येथे बाजारातल्या एका सापळ्याविषयी सावध करतो. सर्व कंपन्यांचे अंक एका दिशेने चालत नाहीत. एनजीके आणि डेन्सो यांचा अंक वाढला की प्लग थंड. एनजीकेचा ६, ७, ८ म्हणजे डेन्सोचा साधारण २०, २२, २४. बॉश आणि चॅम्पियन यांचा अंक वाढला की प्लग गरम. त्यातही बॉशची जुनी पद्धत तिच्या आजच्या पद्धतीच्या अगदी उलट होती. तेव्हा दुकानदाराने “मोठ्या नंबरचा घ्या” म्हटले, तर आधी कोणत्या कंपनीचा ते विचारावे. तसेच आट्यांची लांबी मूळ प्लगइतकीच हवी. या इंजिनात ती १९ मिलिमीटर आहे. लांबी चुकली तर दट्ट्या प्लगवर आदळण्याचा धोका असतो.

प्लगइतकीच महत्त्वाची त्याची फट, मेकॅनिकच्या भाषेत ‘गॅप’. हवा जितकी दाट तितकी ती ओलांडायला वीज अधिक दाबाची लागते. फ्रीड्रिख पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ साली हा संबंध मांडला. टर्बोचा दाब वाढविला आणि गॅप तोच ठेवला, तर नेमक्या जोराच्या वेळी ठिणगी पडायची राहते आणि गाडी आचका देते. म्हणून आपल्या उदाहरणातल्या इंजिनावर ०.८ मिलिमीटरच्या जागी ०.७ च्या आसपास गॅप ठेवतात, मोठा दाब असेल तर त्याहून थोडा कमी. फार कमीही नको; ठिणगी खुजी झाली की मंद गतीत इंजिन थरथरते. गॅप फिलर गेजने मोजावा, आणि इरिडियमच्या प्लगची केसासारखी कांडी उचकटून तो बदलू नये.

प्लग बसविण्याची रीत पुष्कळ ठिकाणी हयगयीने पाळली जाते. उष्णता आट्यांतून आणि बैठकीतून जाते हे आपण पाहिले. प्लग सैल राहिला तर तो रस्ताच तुटतो, आणि थंड म्हणून आणलेला प्लग गरम प्लगहूनही अधिक तापतो. १४ मिलिमीटर आट्यांच्या आणि वायसर असलेल्या प्लगला ॲल्युमिनियमच्या माथ्यात २५ ते ३० न्यूटन-मीटर इतका जोर पुरे, आणि तो टॉर्कपान्यानेच द्यावा. इंजिन निवल्याशिवाय प्लग काढू नये. आटे सोलून निघतात.

मग काही शे किलोमीटर गाडी चालवून प्लग काढून पाहावा. वैद्य जीभ पाहतो तसे प्लगचे नाक पाहावे. फिकट तपकिरी किंवा करडे असेल तर निवड योग्य. कोरडी काळी काजळी असेल तर प्लग वाजवीपेक्षा थंड आहे, किंवा पेट्रोल जास्त येते आहे. ओले तेलकट काळे असेल तर दोष दट्ट्याच्या रिंगांत वा झडपांच्या सीलांत शोधावा. प्लग निर्दोष आहे. पांढरे फटक पडून फोड आले असतील, तर उष्णता हाताबाहेर चालली आहे. आणि पांढऱ्या नाकावर मिरपूड भुरभुरावी तसे बारीक ठिपके दिसले, तर गाडी तेथेच थांबवावी. त्या ठिपक्यांत दट्ट्याचे ॲल्युमिनियम असू शकते. अर्थात जोराच्या धावेनंतर लगेच पाहिलेला प्लगच जोराची हकीकत सांगतो. तासभर वाहतुकीत रखडलेल्या गाडीचा प्लग वाहतुकीचीच कहाणी सांगणार.

आता थंड प्लगच्या अंगात काय नाही, तेही सांगितले पाहिजे. नॉकिंग आणि अकाली प्रज्वलन हे दोन निराळे रोग आहेत. अकाली प्रज्वलनात ठिणगीच्या आधी आग लागते. नॉकिंगमध्ये ठिणगी वेळेवर पडते, पण कोपऱ्यातले न जळलेले मिश्रण दाबाने आणि तापाने आपोआप भडकते. त्याची कारणे हलके पेट्रोल, फार आधी दिलेली ठिणगी, तापलेली हवा आणि अति दाब ही होत. यांवर थंड प्लग हा उपाय नाही. इंजिनाला नॉकिंग ऐकणारा संवेदक असतो. त्याने तक्रार केली की संगणक ठिणगी मागे खेचतो आणि पैसे देऊन घेतलेली शक्ती गुपचूप परत जाते. तेव्हा आधी पेट्रोल, हवा थंड करणारा इंटरकूलर, हवेच्या नळ्यांची गळती आणि ठिणगीच्या कॉइल तपासाव्यात. अलीकडच्या लहान टर्बो इंजिनांत, जेथे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडविले जाते, तेथे कमी फेऱ्यांवर जोर मागितला तर तेलाच्या थेंबांमुळेही अकाली प्रज्वलन होते. त्याला प्रतिबंध योग्य प्रतीच्या तेलाने आणि वेळेवर गिअर खाली टाकण्याने होतो.

शिवाय काळ्या प्लगमुळे न जळलेले पेट्रोल बाहेर जाऊन धुराड्यातला उत्प्रेरक जळतो, आणि तो फार महाग असतो. आणखी एक कानी घालून ठेवतो. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमाने वाहनातील फेरफारांवर निर्बंध घातलेले आहेत, आणि कंपनीची हमी व विमा यांचाही प्रश्न येतो. हौस करणाऱ्याने हे आधी वाचावे.

तात्पर्य एवढेच की थंड प्लग शक्ती देत नाही. दुसऱ्या कशाने वाढविलेल्या शक्तीचा ताप तो वाहून नेतो. म्हणून आधी ताप किती वाढला ते ठरवावे, मग त्याला पुरेल एवढाच थंड प्लग घ्यावा, आणि पायरी एका वेळी एकच उतरावी. औषध जालीम आहे म्हणून दुप्पट मात्रा घेणारा रोगी आणि रोगच नाकारणारा रोगी, दोघांचाही शेवट एकाच दवाखान्यात होतो. मोटारीच्या बाबतीत त्या दवाखान्याचे बिल चार प्लगांच्या किमतीच्या कितीतरी पट येते. आपल्या घरातल्या तरुणाने गाडीची शक्ती वाढविण्याची गोष्ट काढली, तर त्याला रागावू नका. जुना प्लग काढून आणायला सांगा, उजेडात धरा, आणि त्याच्या नाकाचा रंग कोणता आहे, एवढे त्याला विचारा. त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता तो बाकीचे आपोआप शिकेल.